गोळीबार सुरू झाला की भीती का पळते? ('एलियन्स', १९८६ च्या निमित्ताने)

मधलाअंक:

२२ मिनिटांच्या विज्ञानपटाची पटकथा पक्की झाली आहे, चित्रीकरण बाकी. बंद पडलेलं भुयारी केंद्र, सहा जणांची सशस्त्र तुकडी, आत एक प्राणी. पहिली नऊ मिनिटं भयपट म्हणून चालतात. दहाव्या मिनिटाला पहिली गोळी सुटते आणि तिथून पुढे नुसती धुमश्चक्री उरते.

जेम्स कॅमेरॉनच्या 'एलियन्स'मध्ये (परग्रहावरच्या वसाहतीत सैनिकांची तुकडी जाते आणि तिथे तेच हिंस्र परग्रही प्राणी भेटतात) प्राणी ढिगाने मरतात, तरी धास्ती शेवटपर्यंत जात नाही. हे नेमकं कशामुळे? 'वातावरणनिर्मिती' असं मोघम उत्तर नको, प्रसंग धरून बोला.

दुसरा प्रश्न तांत्रिक. प्राण्याचा पोशाख एकच आहे, काळा, फोम लेटेक्सचा. जास्त वेळ दिसला तर रबर आहे हे कळणार. प्रकाश, कॅमेरा आणि ती चिकट लाळ, या तिन्हींबद्दल आकड्यांसकट कुणी सांगेल का?

रात्रपाळी:

पहिली गोळी कितव्या मिनिटाला सुटते याला फार महत्त्व नाही. ती सुटायच्या आधी तुकडीकडून काय काय काढून घेतलं ते बघा.

'एलियन्स'ची मूळ प्रदर्शित आवृत्ती १३७ मिनिटांची. त्यात सैनिकांची आणि पूर्ण वाढलेल्या प्राण्यांची पहिली चकमक तासाभरानंतर येते. तोवर आपण त्यांची हत्यारं, त्यांचा माज, त्यांचे विनोद सगळं पाहिलेलं असतं. मग प्राण्यांच्या पोळ्यात, म्हणजे केंद्रातल्या त्यांच्या घरट्यात, शिरल्यावर कळतं की आपण शीतकरण यंत्रणेच्या बरोबर खाली उभे आहोत. इथे गोळ्या चालवल्या आणि ती यंत्रणा फुटली, तर अख्खं केंद्र उडेल. लेफ्टनंट हुकूम सोडतो: मॅगझिन्स काढा, पिशवीत टाका. फ्लेमथ्रोअर तेवढे राहू द्या. दोघं मोठ्या बंदुकावाले गुपचूप गोळ्या ठेवून घेतात, पण बाकीच्यांच्या हातात उरतं ते लोखंड.

आता पुढचा दुवा बघा. प्राणी एका महिला सैनिकाला मागून धरतो. तिच्या फ्लेमथ्रोअरचा चाप दाबला जातो, ज्वाळा शेजारच्यावर जाते, आणि गोळा केलेल्या गोळ्यांची पिशवी नेमकी त्याच्याकडे असते. पिशवी पेटते, फुटते. म्हणजे सुरक्षेसाठी घेतलेला निर्णयच माणसं मारतो. प्राण्याने काम फार थोडं केलं. पटकथेची खरी कारागिरी ही.

हे सगळं लेफ्टनंट बाहेर गाडीत बसून हेल्मेट-कॅमेऱ्यांच्या पडद्यांवर बघतोय. चित्र हलतं, मुंग्या येतात, एकेक पडदा बंद पडतो. आपल्यालाही बरंचसं तेवढंच दिसतं. पहिला मोठा गोळीबार कॅमेरॉनने बराचसा अशा तुटक चित्रांत दाखवला.

आणि आम्लाचं रक्त विसरू नका, या प्राण्यांचं रक्त म्हणजे आम्लच. १९७९ च्या पहिल्या 'एलियन'मध्ये त्याचा उपयोग असा की अंतराळयानात त्या प्राण्याला जखमच करता येत नाही, रक्त मजले भेदून खाली जातं. 'एलियन्स'मध्ये गोळी घालता येते, पण जवळून घातली तर उडालेलं रक्त तुमच्याच माणसावर. ड्रेक हा सैनिक तसाच जातो, साथीदाराने अचूक नेम धरला म्हणून. प्रत्येक हाणलेल्या फटक्याची किंमत लगेच वसूल होते, त्यामुळे प्रेक्षक टाळ्या वाजवायला मोकळा होत नाही.

तुमच्या पटकथेत दहाव्या मिनिटाला गोळी सुटते, हरकत नाही. आठव्या मिनिटाला ती सोडण्यात धोका काय आहे हे कळलेलं असू द्या. भुयारी केंद्र आहे, तर साचलेला मिथेन आहेच की. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असलं की ठिणगीने भडका होतो. ५ च्या खाली वायू कमी पडतो, १५ च्या वर ऑक्सिजन. एकाच्या पट्ट्यावर वायूमापक लावा. आकडा ४.६ दाखवतोय आणि प्राणी समोर आहे, एवढ्यावर दोन मिनिटं ताण टिकतो.

तिसरीरांग:

थोडी असहमती. 'एलियन्स'चा बराच भाग युद्धपट आहे, अस्सल भयपट फक्त तुकड्यांत. सर्वांत भीतीदायक प्रसंग वैद्यकीय खोलीतला. नायिका रिप्ली आणि वसाहतीत वाचलेली लहान मुलगी झोपल्यात, बंदूक कुणीतरी बाहेर नेऊन ठेवलेली, दार बंद, आणि खोलीत दोन फेसहगर (तोंडाला चिकटणारे, कोळ्यासारखे दिसणारे प्राणी) मोकळे. काचेवर हात आपटून उपयोग नाही, कॅमेरा तिकडून बंद केलाय. शेवटी ती लायटर आगीच्या सेन्सरखाली धरते. तोवर गोळी एक नाही, पण युक्ती आहे. आधी नि:शस्त्र करायचं आणि मग खोलीतल्याच वस्तूने सोडवायचं, हा धडा लघुपटाला जास्त उपयोगी.

हत्यारं असूनही भीती हवी असेल तर 'प्रेडेटर' (१९८७, जंगलातली सैनिकांची तुकडी आणि अदृश्य होणारा परग्रही शिकारी) मधला एकच प्रसंग परत परत बघा. तुकडी जंगलाच्या एका भागावर जवळच्या सगळ्या गोळ्या रिकाम्या करते. झाडं आडवी होतात. धूर विरतो, शोध घेतात, तर प्रेत नाही, काही नाही. पानावर हिरव्या चमकत्या रक्ताचे थेंब तेवढे मिळतात. मारामारी म्हणून जोरदार आणि भयपट म्हणूनही, कारण एवढं करून हाती काही आलं नाही. गंमत म्हणजे रक्त दिसल्यावर उलट भीती थोडी कमी होते. रक्त सांडतं म्हणजे मरू शकतं. तो थेंब तुम्ही कुठे ठेवता यावर पुढचं सगळं अवलंबून.

रात्रपाळी:

वैद्यकीय खोलीबद्दल मान्य. 'तुकड्यांत' हे मात्र पटत नाही. सैनिकांच्या हातातला मोशन ट्रॅकर, म्हणजे हालचाल टिपणारं यंत्र, आठवा. त्याच्यावर प्राणी दिसत नाही, फक्त ठिपका आणि अंतर. ठिपके जवळ येतात, आकडा कमी होतो, टिकटिक चढते. मग आकडा भिंतीच्या अंतरापेक्षाही कमी होतो, म्हणजे ते खोलीत असायला हवेत, पण खोली रिकामी. छताच्या फळ्यांकडे कुणी पाहिलेलंच नसतं. यंत्र बरोबर सांगतंय, माणसंच चुकीच्या दिशेला बघतायत. यात गोळी सुटायच्या आधीचं जे मिनिट आहे ते पूर्ण भयपटाचं.

विस्तारित आवृत्तीत (१५४ मिनिटं) स्वयंचलित तोफांचा प्रसंग आहे. प्राणी एकही दिसत नाही म्हटलं तरी चालेल, पडद्यावर गोळ्यांचा आकडा उतरत जातो. शेवटी एका तोफेत १० उरतात आणि हल्ला थांबतो. काहींना ही लांबण वाटते. मला वाटतं कमी खर्चात मोठी लढाई दाखवायची असेल तर याहून चांगला नमुना नाही: एक आकडा, एक आवाज, तीन चेहरे.

दोनफ्रेम:

आता कॅमेरा. काळ्या पोशाखावर समोरून प्रकाश टाकलात की संपलं, रबराचा पोत आणि शिवणी दोन्ही दिसतात. मुख्य दिवा प्राण्याच्या मागे, बाजूला, डोक्याच्या वर ठेवा. कॅमेऱ्याच्या रेषेपासून मोजलं तर साधारण १२० ते १५० अंशांवर. कडा चमकतात, मधला भाग काळा राहतो. पार्श्वभूमी प्राण्यापेक्षा उजळ हवी. काळ्यावर काळं ठेवून 'गूढ' म्हणायचं ही नेहमीची फसगत. तिथे आकारच कळत नाही.

अंधार संकलनात तयार करा. सेटवर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) जास्त उजेड घ्या (फक्त दिव्याजवळचा भाग पांढरा फटफटणार नाही एवढं बघा) आणि नंतर रंगसंस्करणात खाली ओढा. उलट केलंत, म्हणजे अंधारात घेऊन नंतर उजळवलंत, तर सावल्यांत दाणे वळवळतात आणि नेमका प्राणी तिथेच असतो.

धूर वापरणार असाल तर पातळी सारखी राहायला हवी. एका शॉटमध्ये दाट आणि उलट कोनात विरळ असला की जोड उडी मारतो. पंखे बंद, दारं बंद, प्रत्येक टेकआधी त्याच खुणेवरून मागची भिंत किती दिसते ते तपासा.

पोशाखातला माणूस चालला की माणूसच वाटतो: टाच आधी टेकते, खांदे झुलतात. उपाय तीन. पाय फ्रेममध्ये घेऊ नका. सेकंदाला २४ ऐवजी २० फ्रेमवर घ्या, २४ वर चालवल्यावर गती १.२ पट होते. त्याखाली गेलात तर जुन्या मूकपटासारखी गंमत दिसते. शटर १/४८ सेकंदाऐवजी १/९६ करा, हालचाल तुटक आणि कडक होते, फक्त एक स्टॉप प्रकाश वाढवावा लागतो. उलट चित्रणही छान चालतं: प्राणी मागे सरकतोय असं घ्यायचं आणि उलट चालवायचं, अंगाचा तोल विचित्र दिसतो. पण तेव्हा तोंडाला लाळ नको. एक थेंब जरी जमिनीवरून वर चढताना दिसला की युक्ती फुटली.

पातेलं_आणि_झारा:

लाळेसाठी मिथाइल सेल्युलोज, खाद्य दर्जाचं. चित्रपटांतली बरीचशी लाळ याचीच असते. एक लिटरला ४००० सीपीएस (घट्टपणाचं माप) ग्रेडची १५ ते २० ग्रॅम पूड. १५ ला पातळ ओघळ, २० ला लोंबती तार.

ही पूड गरम पाण्यात विरघळत नाही, थंडात विरघळते. आणि म्हणूनच सुरुवात गरमाने करायची. एक तृतीयांश पाणी ८०-९० अंशांपर्यंत तापवा, गॅस बंद करून पूड भुरभुरत टाका, ढवळत राहा. दुधाळ, पाण्यासारखं पातळ दिसेल. बिघडलं म्हणून अजून पूड टाकू नका. उरलेलं दोन तृतीयांश पाणी बर्फाइतकं गार करून ओता, ढवळा, घट्ट व्हायला लागेल. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी पारदर्शक आणि बुडबुडे गेलेले असतील. पूड थेट गार पाण्यात टाकलीत तर प्रत्येक गुठळीवर जेलचं कवच बसतं आणि आत कोरडी पूड राहते. ती मग कितीही घोटा, फुटत नाही.

ब्लेंडर नको, फेस होतो आणि तो कॅमेऱ्यात साबणासारखा दिसतो. दिव्यांखाली पाणी उडून कोरडा पापुद्रा धरतो, तेव्हा हाताशी पाण्याची फवारणी ठेवा. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, मग टाका. जमिनीवर सांडलेली लगेच पुसा, तेलापेक्षा निसरडी असते आणि पोशाखातल्या माणसाला पायाखालचं दिसत नाही.

तुमचा पोशाख फोम लेटेक्सचा आहे म्हणता, तर एक सूचना. तो स्पंजासारखा पाणी पितो. जड होतो आणि काखेत, गुडघ्यामागे फाटतो. वरून द्रव लेटेक्सचे दोन-तीन पातळ हात देऊन आधी बंद करा, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. त्यावर फक्त उंचवट्यांवर जवळपास कोरड्या ब्रशने राखाडी-निळसर रंग ओढा. मागच्या दिव्यात हाडं उठून दिसतील.

'एलियन्स'मध्येही पोशाख मोजकेच होते, आणि ते १९७९ च्या पोशाखाहून साधे केलेले: स्टंट कलाकारांना उड्या मारता याव्यात म्हणून काळ्या अंगाबरोबरच्या कपड्यावर फोमचे तुकडे. डोक्यावरचं गुळगुळीत पारदर्शक कवचही काढून टाकलं. सगळी मेहनत राणीवर, म्हणजे अंडी घालणाऱ्या मोठ्या मादीवर. स्टॅन विन्स्टनच्या चमूची ती सुमारे १४ फुटी बाहुली, आत दोन माणसं, बाकी अवयव बाहेरून चालवलेले. म्हणजे धावणारे पटकन दिसून जाणारे आणि थांबून बघायची एकच. तुमच्याकडे एकच पोशाख आहे, तर तो धावणारा धरा. जवळून दाखवायला वेगळा जबडा किंवा एक हात बनवा.

मधलाअंक:

मिथेनची कल्पना उचलतोय. म्हणजे पहिल्या भागात बंदुका बंद, आणि वायूमापक ४ च्या खाली आला की गोळीबार. पण मग तिथे पुन्हा तोच प्रश्न, आता हत्यार चालतंय. शिवाय गोळीच्या लखलखाटात प्राणी दिसावा असं मनात आहे. दिवा चालू-बंद करून घेतला तर चालेल का?

रात्रपाळी:

आकडा खाली येऊ देऊ नका, वर जाऊ द्या. १५ च्या पुढे गेला की ठिणगी पेट घेत नाही, म्हणजे कागदावर गोळी चालवायला मोकळीक. पण त्या हवेत माणूस गुदमरायला लागतो, आणि कुणी दार उघडून ताजी हवा आत घेतली की आकडा परत स्फोटाच्या पट्ट्यात उतरतो. हत्यार वापरायचं असेल तर दार बंद ठेवून श्वासावर पाणी सोडायचं. प्राणवायूचे मुखवटे सहा जणांत चार द्या.

दोनफ्रेम:

दिवा चालेल, पण कॅमेरा रोलिंग शटरचा असेल तर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. क्षणभराची लखलख मध्येच आली की अर्धी फ्रेम उजळ, अर्धी काळी, आडवा पट्टा. फोटोचा फ्लॅश म्हणून वापरू नका. एलईडी दिवा किमान दोन फ्रेम, म्हणजे २४ च्या गतीला सुमारे ८३ मिलिसेकंद पेटता ठेवा. त्यात एक फ्रेम तरी पूर्ण उजळ मिळते. पट्टेवाल्या फ्रेम संकलनात काढा आणि त्या जागी काळी टाका.

दिवा बंदुकीच्या नळीच्या बाजूने यायला हवा, वरून नको. प्राणी प्रत्येक लखलखाटात वेगळ्या जागी ठेवा: पहिल्यात दूर, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात जवळ आणि छतावर. दुसरा रिकामा हवाच. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट करू नका, प्रकाशामुळे फिट येणाऱ्या प्रेक्षकांना त्रास होतो आणि बऱ्याच प्रसारण वाहिन्यांच्या तपासणीतही ते अडकतं.

पातेलं_आणि_झारा:

छतावरच्या शॉटसाठी लाळ २० ग्रॅमवाली, आणि फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवलेली. थेट गार लावलीत तर गोळा होऊन बदकन पडते, तार येत नाही.