विषय: उत्तम शुक्रवार, लावणीची तालीम आणि माझे ईस्टर

प्रेषक: सांस्कृतिक समिती

नमस्कार मंडळी,
येत्या शुक्रवारची लावणीची तालीम रद्द. हॉलवाले म्हणतात, गुड फ्रायडेला, म्हणजे उत्तम शुक्रवारी, इथे हॅम्बुर्गात सार्वजनिक नाचगाण्याला कायद्यानेच बंदी आहे. दारं लावून करतो म्हटलं, तरी ऐकेनात. काय हा प्रकार? कुणाला ठाऊक असेल तर लिहा. आणि दुसरी जागाही सुचवा!

---

प्रेषक: माई, हॅम्बुर्ग

अरे, बंदी खरी आहे. या प्रोटेस्टंट मुलखात पूर्वीपासून उत्तम शुक्रवार मोठा मानतात. वेदी उघडीबोडकी, फुलं नाहीत. लावणी सोमवारी करा, तेव्हा सुट्टीच असते.

विषय निघालाच आहे तर सांगते. आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती, पण वाढले मी रांचीत. वडील तिथल्या एचईसी या सरकारी कारखान्यात. मराठी उपासना तिथे कुठून मिळणार? मग गॉस्नर ल्यूथरन मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, आमची झाली. बर्लिनच्या गॉस्नर पाळकांनी धाडलेले चार मिशनरी 1845 साली रांचीत पोचले, त्यांनी लावलेलं हे रोप.

तिथला ईस्टर सुरू व्हायचा कबरस्तानात. आदल्या दिवशी कबरी धुऊन चुना लावायचा आणि पहाटे अंधारात मेणबत्त्या घेऊन निघायचं. हिंदीत गाणी चाललेली, सगळीकडे ज्योती. आमचं तिथे कुणीच पुरलेलं नव्हतं. आई म्हणायची, "जिथे कुणी आलं नाही तिथे लावा." मी आणि भाऊ तशा कबरी हुडकत फिरायचो. एका झिजलेल्या दगडावर जर्मन नाव होतं, तान्ह्या बाळाचं. ती दरवर्षी आमची ठरलेली. भावाशी त्यावरून भांडणंसुद्धा व्हायची, काडी कोण ओढणार म्हणून.

लग्न होऊन हॅम्बुर्गला आले. पहिल्या वर्षी सासूबाईंनी शनिवारी संध्याकाळी ब्लांकेनेजला नेलं. एल्बे नदीच्या काठाने ईस्टरच्या होळ्या पेटलेल्या! मला शिमगाच आठवला, बोंब तेवढी नव्हती.

मधली दोन वर्षं स्टॉकहोमला होतो. तिथे ईस्टरच्या सुमारास मुली डोक्याला रुमाल बांधून, गालांना लाली फासून चेटकिणी बनतात आणि दारोदार खाऊ मागतात. बर्चच्या काटक्यांना रंगीत पिसं बांधतात. मजा होती, पण आमच्या चर्चमध्ये बाकं रिकामी. मला काही करमलं नाही.

इथे आमच्या मंडळीत पहाटे पाचला उपासना असते. चर्चमध्ये मिट्ट काळोख. मग मोठी ईस्टर मेणबत्ती आत येते आणि तिच्यावरून एकाची दुसऱ्याला ज्योत लावत जातात. 2024 ला मात्र माझी फजिती झाली. 31 मार्चला ईस्टर आणि त्याच रात्री उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे केलेली. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळावर विसंबले आणि पोचले तर सगळे न्याहारीच्या टेबलाशी! पाळकीणबाईंनी कॉफी ओतता ओतता नुसतं हसून पाहिलं.

एकदा ल्युनेबुर्ग हीथ या इथल्या माळरानातल्या एका खेड्यात होतो. ईस्टरच्या सकाळी कबरस्तानात बँड उभा. पितळी वाद्यं, वाजवणारे गावचेच शेतकरी, दुकानदार. थंडीने बोटं कडक झालेली, सूर मधेच घसरायचे. मी सवयीने बिनफुलांची कबर शोधायला लागले. सापडेना. इथे कबरीची जागा ठराविक वर्षांसाठीच मिळते. मुदत कुणी वाढवली नाही की पुढे दगडही काढून टाकतात. बेवारशी कबर उरणार कुठून? मेणबत्ती तशीच खिशात घेऊन परत आले.

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती

माई, तालीम सोमवारी ठेवली. रविवारी पहाटे तुमच्याबरोबर आलो तर चालेल का? आम्ही ख्रिस्ती नाही, म्हणून विचारतोय.

---

प्रेषक: माई, हॅम्बुर्ग

ये की! बायकोलाही आण. पाळकीणबाई "ख्रिस्त उठला आहे" म्हणाल्या की सगळे "तो खरोखर उठला आहे" म्हणतात. तू नुसता उभा राहिलास तरी चालेल. जाड कोट घाल, पहाटे आत गारठा असतो. मेणबत्तीला पुठ्ठ्याची चकती असते, ती काढू नकोस, बोटावर मेण गळतं. न्याहारीला कांद्याच्या सालीत उकडून रंगवलेली अंडी मी आणतेय, तू चकल्या आण. आणि भिंतीवरच्या घड्याळावर जाऊ नकोस, मोबाइल बघ.