भूकंपाला तीस वर्षं होऊन गेली, सासूबाई अजून स्लॅबखाली झोपत नाहीत. खोल्या वाढवायच्या कशा?

लोहाऱ्याची सून: सासूबाईंच्या दोन मुली १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात गेल्या. पुनर्वसनात मिळालेलं २५० चौरस फुटांचं घर आता पुरत नाही, मागं दोन खोल्या काढायच्यात. त्या म्हणतात, "पत्रा टाका, स्लॅब नगं." थंडी असो, पाऊस असो, त्या पुढच्या पत्र्याखालीच झोपतात. तुमच्या घरी काय केलंत?

किल्लारीकर: ताई, आमच्या आईचं अगदी हेच होतं. ३० सप्टेंबरची पहाट, चारला काही मिनिटं कमी. गणपती बोळवून गाव गाढ झोपलेलं. मी नऊ वर्षांचा. आमच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, पण आतले-बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेलेच नव्हते, मध्ये नुसती माती. त्या उसवल्या आणि वरचं माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचा जाड थर दिलेलं छप्पर, खाली आलं. आजोबांना दगड लागला नव्हता. पांढरीच्या मातीनं गुदमरून गेले ते.

त्यामुळं आईला धास्ती डोक्यावरच्या वजनाची. आम्ही खोल्या काढल्या तेव्हा तिला रोज कामावर घेऊन जायचो. सळया बांधल्या तेव्हा तिनं एक रिंग हातानं हलवून बघितली. दारा-खिडक्यांवरून चारी भिंतींना फिरवलेली काँक्रीटची पट्टी दिसल्यावर म्हणाली, "ही कशाला?" मिस्त्री म्हणाला, "आई, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असती ना, तशी ही घराला. चाक मोकळं व्हत नाही." पुढं स्लॅबला पाणी तिनंच मारलं, कुणाला हात लावू दिला नाही. त्या पावसाळ्यात आत झोपायला आली. उंबऱ्याकडं पाय करून, पण आत.

एक सांगतो, नवी भिंत जुन्या घराला चिकटवू नका. मध्ये फट किती सोडायची ते इंजिनिअरला विचारा. दोन्ही घरं वेगवेगळी हलतात, एकमेकांवर आदळतात.

सास्तूरची लेक: पत्रा हलका असतो, तेव्हा सासूबाईंचं म्हणणं चुकीचं नाही. हुक मात्र नीट आवळून घ्या, आणि पत्रा टाकला तरी भिंतीला पट्टी हवीच.

आमच्या आत्याचं दुखणं निराळं होतं. जुन्या गावात भिंतीला भिंत, रात्री खोकला आला तरी शेजारीण हाक द्यायची. नव्या गावात रस्ते रुंद आणि ती शेजारीण पार दुसऱ्या टोकाला. आत्या बाहेर झोपायची ती माणसांचा आवाज यावा म्हणून. सासूबाईंना नेमकं काय सलतंय, ते एकदा विचाराल का?

लोहाऱ्याची सून: काल रात्री विचारलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, पहिल्यांदाच विचारलं मी. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मुली मागच्या खोलीत होत्या, दार एकच होतं, तेही पुढं.

मिस्त्रीला सांगितलंय, मागच्या दोन्ही खोल्यांना अंगणात उघडणारं दार काढायचं. कुठल्या बाजूला ते सासूबाई उद्या चुन्यानं आखून देणार आहेत.