अनुभव धागा: आपली छोटी मालवाहू व्हॅन आणि घरी केलेली कामं

जून तोंडावर आला की आमच्या घरी एक काम ठरलेलं असतं. व्हॅन पूर्ण रिकामी करायची, मागची मॅट उचलायची आणि खालचा पत्रा हाताने चाचपून बघायचा. ही सवय वडिलांच्या ओम्नीने लावली. ते कळव्यातून ठाणे स्टेशनच्या दुकानांना फरसाण पोचवायचे. पत्र्याला चरे पडू नयेत म्हणून त्यांनी जाड रबरी मॅट आणली आणि कडा सोल्युशनने गच्च चिकटवल्या. सरकत्या दाराच्या खाचेतून पाणी आत शिरत होतं, ते त्या मॅटखाली जाऊन बसायचं आणि चिकटवलेल्या कडांमुळे बाहेर पडायला वाटच नव्हती. चौथ्या पावसाळ्यात डबे उतरवताना त्यांचा पाय पत्र्यातून आरपार खाली गेला. वरून मॅट नव्यासारखी दिसत होती.

ओम्नी २०१९ पासून बनत नाही, पण रस्त्यावर अजून दिसते. माझ्याकडे आता ईको कार्गो आहे. ईको, ओम्नी, छोटा हत्ती, ज्याच्याकडे जे असेल त्याने लिहा. घरी कुठलं काम केलं, ते किती टिकलं, काय उलटं पडलं, आणि कुठलं काम घरी करायचंच नाही असं ठरवलं? खाडीची खारी हवा आणि आपल्याकडचा पाऊस सोसून जे टिकलं, ते मला जास्त वाचायचं आहे.

कोपरखैरणे, भाजीची गाडी

दादा, मॅटचं अगदी खरं आहे. माझं सगळं हौद्याच्या तळावरच अडलं होतं. पहाटे तीनला एपीएमसीच्या भाजीपाला बाजारात गाडी लावतो. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारलेलं असतं, घरी येईपर्यंत तळ ओला. पहिल्यांदा साधा १२ मिमीचा प्लाय स्क्रूने ठोकला. एका पावसाळ्यात तो फुगला, पोपडे सुटले आणि स्क्रूच्या प्रत्येक भोकाभोवती गंजाचं वर्तुळ उमटलं.

दुसऱ्यांदा शांतपणे केलं. मरीन प्लाय घेतला आणि कापून झाल्यावर आधी चारही कडा रंगवल्या. प्लाय पाणी पितो तो कडेनेच, म्हणून कडेला तीन हात, वर-खाली दोन. व्हॅनच्या पत्र्याला मुळातच उंच-सखल नाळ्या असतात. प्लाय त्या उंचवट्यांवर ठेवला की खालून पाणी वाहायला जागा राहते. मागच्या दाराशी बोटभर फट मोकळी सोडली, पाणी तिकडून निघून जातं. कपड्याने पुसायला हातही जातो.

नवं एकही भोक पाडलं नाही. कंपनीने दिलेल्या बोल्टच्या जागाच वापरल्या. तळाखालून पेट्रोलचा पाइप, ब्रेकचा पाइप आणि सीएनजीवाल्यांच्या गाडीत गॅसची नळी जाते. खाली झोपून टॉर्च मारून बघितल्याशिवाय ड्रिलला हात लावू नका. प्लाय दोन तुकड्यांत ठेवलाय, एकट्याला उचलता येतो, आणि उचलता येतो म्हणूनच दर पंधरवड्याला उचलला जातो. तीन पावसाळे झाले, पत्रा कोरडा आहे. एक ध्यानात ठेवा, आठ बाय चार फुटांच्या या प्लायचं वजन २० किलोच्या वर जातं. तेवढा माल कमी भरायचा.

चेंदणी कोळीवाडा, ठाणे

आमची गाडी मासळीची. भाऊच्या धक्क्यावरून माल येतो. भाजीचं पाणी पत्रा खातं ना, तर आमचं बर्फाचं खारं पाणी त्याच्या दसपट खातं. लेकाने फायबरच्या टबांना खाली बूच बसवलं आणि तिथून नळी काढून कॅनमध्ये सोडली. पाणी हौद्यात सांडत नाही आणि रस्त्यावरही गळत नाही. रस्त्यावर गळलं की मागचा बाइकवाला घसरतो, ते डोळ्याने बघितलंय.

माल उतरला की गाडी त्याच दिवशी धुवायची, उद्यावर ढकलायची नाही. आणि गोड्या पाण्याने. आमच्या बोअरचं पाणी खारट लागतं, त्याने दोन वर्षं धुतली आणि दारांच्या खालच्या कडा कुजल्या. त्या कडांना बारीक भोकं असतात पाणी निचरायला, ती खवल्यांनी बुजतात. मी केसांच्या पिनेने मोकळी करते, आठवड्यातून एकदा.

वागळे इस्टेट, वायरिंगचं काम करतो

गिऱ्हाइकांच्या गाड्यांत सगळ्यात जास्त काय जळलेलं बघितलं असेल, तर हेडलाइटचे होल्डर. ५५ वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब लावतात. १२ व्होल्टवर ५५ वॅटला साडेचार अँपिअरच्या आसपास करंट लागतो, १०० वॅटला आठच्या वर. वायर तीच, स्विच तोच. होल्डर वितळतो, काच पिवळी पडते आणि एक दिवस घोडबंदर रोडवर ऐन रात्री दोन्ही दिवे जातात. जास्त उजेड हवा असेल तर आधी काच साफ करा आणि अर्थिंगचा नट घासून घट्ट करा. निम्म्या गाड्यांचा उजेड तेवढ्यानेच परत येतो.

हौद्यात एलईडी पट्टी माझ्या स्वतःच्या गाडीत आहे. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर फ्यूज, मग स्विच, मग पट्टी. फ्यूज बॅटरीजवळच हवा. तो पट्टीजवळ लावला तर मधली सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाविना राहते आणि कुठे पत्र्याला घासली की थेट आग. वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी घालायची, टेप गुंडाळून भागत नाही. नवीन गाडीच्या मूळ वायरिंगला चाकू लावू नका. वॉरंटी तर जातेच, शिवाय पुढचा बिघाड शोधणं अवघड होऊन बसतं.

ऐरोली, मंडप-डेकोरेशन

छतावर कॅरिअर बसवून घेतला होता, बांबू आणि फ्रेम वर टाकायच्या म्हणून. गायमुखच्या वळणांवर गाडी झुलायला लागली. एकदा समोरून ट्रेलर आला आणि नुसत्या वाऱ्याने स्टिअरिंग हातात ओढलं गेलं. दुसऱ्या दिवशी काढला. आता लांब माल भाड्याच्या टेम्पोने जातो.

सीवूड्स

जुनं इंजिन ऑइल गाडीच्या पोटाला फासायचा सल्ला मला खूप जणांनी दिला आणि मी ते केलं. गंज थोडा थांबला असेल, पण रबरी बुश फुगले, सगळीकडे धूळ चिकटून थर झाला आणि पहिल्या पावसात ते काळं पाणी सोसायटीच्या गटारात गेलं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. आता पोकळ भागांत वॅक्सचा फवारा मारतो. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजला देतो, तिथून ते रिसायकलिंगला जातं.

घणसोली, रबाळे एमआयडीसीत फिटर होतो, आता निवृत्त

सगळ्यांचं वाचलं. पत्र्याबद्दल मुलांनी चांगलं लिहिलंय, मी खालच्या भागाबद्दल लिहितो.

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि ताकद जाते मागच्या चाकांना. मधे ताकद नेणारा लांब शाफ्ट, त्याच्या टोकांना क्रॉस, म्हणजे वाकणारे सांधे. क्लच सोडून गाडी निघताना 'टक्' असा आवाज आला की लोक क्लच प्लेट बदलायला निघतात. आधी गाडी सपाट जागी न्यूट्रलला उभी करा, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा आणि शाफ्ट हाताने पिळून बघा. क्रॉसमध्ये खेळ असेल तर तिथेच हाताला कळतं. ग्रीसचं निपल असेल तर पाण्यातून गाडी गेल्यावर ग्रीस गन मारा, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत.

तुंबलेल्या पाण्यातून जावं लागलं तर मागच्या हाउसिंगचं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याचं ऑइल बघा. दुधाळ दिसलं म्हणजे पाणी शिरलं, ते बदलायचं. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, हात जोडून सांगतो. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. माझ्या भाच्याच्या गाडीचं इंजिन असंच गेलं. ढकलत बाहेर काढली असती तर वाचलं असतं.

सीएनजीवर स्पार्क प्लगला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि गॅसवर झटके देतो. प्लग इंजिन थंड असताना काढा, पहिले आटे बोटांनीच फिरवा. सीट उचलली की इंजिन समोर दिसतं, म्हणून घाई होते आणि हात भाजतो.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. गाडीबरोबर येणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता. खाली जायचं तर स्टँड लावा, विटा नाहीत. वीट सांगून फुटत नाही.

ब्रेक लायनर मी स्वतः बदलतो, पण तुम्ही शिकल्याशिवाय करू नका. गॅसच्या नळीला मात्र मीही पाना लावत नाही.

नेरूळ

काकांना विचारायचं होतं. माझी कार्गो आहे, मागे खिडक्या नाहीत. सुट्टीत गावी जायला मागे दोन घडीच्या सीट बसवून घ्याव्यात असा विचार आहे. सीवूड्सजवळ एक जण स्वस्तात करतो म्हणाला. आणि गाडीत कधी कधी गॅसचा वास येतो, तो साधा असतो का?

घणसोली

बाळा, आधी वासाचं. साधा नसतो. सीएनजी हवेपेक्षा हलका, तो वर चढतो आणि बंद हौद्यात छताखाली साठतो. सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद कर, सगळी दारं उघड, दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस आणि अधिकृत सेंटरला दाखव. २०० बारचा दाब असतो त्यात. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करायची असते, तारीख पाटीवर बघ.

कळवा

सीटचं मी सांगतो. करू नका. मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीत माणसं बसवायची तर नोंदणीतला तपशील बदलतो, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याबद्दलच आहे. पासिंगला अडकेल ते वेगळं. अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच बघेल, आणि मागे बसलेल्या लेकरांना ना बेल्ट, ना सीट धरून ठेवायला मजबूत तळ. गावी रेल्वेने जा.

कोपरखैरणे, भाजीची गाडी

एक राहिलं. बटाट्याची पोती पुढच्या सीटला टेकवून भरा, मागच्या दाराशी नाही. मागे वजन टाकलं की पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी वळायला ऐकत नाही. हवा सकाळी थंड टायरमध्ये तपासायची. टायर जुना घ्यायची वेळ आली तर बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

नेरूळ

सीटचा विचार सोडला. गॅसची गाडी काल सेंटरला नेली, एका जोडाचं सील कडक झालं होतं, त्यांनी बदललं. मग घरी येऊन मॅट उचलली. डाव्या चाकाच्या उंचवट्यामागे तळहाताएवढा गंज निघाला, स्क्रूड्रायव्हरने टोचला तर आरपार गेला नाही. चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासला, रेड ऑक्साइडचा (गंजरोधक रंगाचा) पहिला हात आज दुपारी दिला. मॅट गच्चीत वाळत घातली आहे. उद्या दुसरा हात.