मदत हवी आहे: मामेभावाला चारनंतर पाणीच देत नाहीत, तक्रार कुठे करायची?

चिंचेचा_पार:
अर्जंट आहे म्हणून पाल्हाळ लावत नाही. गणपतीला आजोळी गेले होते, तर बाळूला दुपारी चारनंतर पाणी बंद. चहा पण नाही. का तर रात्री अंथरूण ओलं करतो, मग धुणार कोण. ओठांना भेगा पडल्यात. मी तांब्या तोंडाला लावला तर घटाघटा संपवला आणि रिकामा झाला तरी दातांनी कड सोडेना. व्हीलचेअर माळ्यावर टाकलीये, भिंतीचा रंग खरवडतो म्हणे. दादाला बोलले तर "एवढा कळवळा आहे तर घेऊन जा पुण्याला". हे कुठल्या कायद्यात बसतं आणि जायचं कुठे एवढंच सांगा. संस्थांच्या लिंका नकोत, तिथे फोन उचलत नाहीत.

नदीकाठ:
बाळूचं वय काय? लहान असेल तर चाइल्डलाइनला, १०९८ ला फोन करा. अपंगत्व कुठलं? आणि दादा म्हणजे नक्की कोण, आईवडील कुठे आहेत त्याचे?

भाऊसाहेब_निवृत्त:
सर्वप्रथम युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, काढून घ्यावे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो, आधार, फोटो, सही किंवा अंगठा लागतो. नवीन कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आपला प्रकार नीट निवडावा. आमच्या पुतण्याचा चुकला होता, सहा महिने हेलपाटे.

चिंचेचा_पार:
कार्ड आहे हो काका. वय २९, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा, त्यामुळे हालचालींवर ताबा नसतो), बोलता येत नाही पण समजतं सगळं. मामा आधीच गेले, मामी तीन वर्षांपूर्वी. दादा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. निराधार योजनेचे पैसे पण तोच काढतो. आता झालं का सगळं? प्रश्न पाण्याचा आहे.

फिजिओ_सांगली:
प्रश्नाचं उत्तर नाही, पण घटाघटा पाजू नका प्लीज. ठसका लागून पाणी छातीत जातं. बसवून, हनुवटी किंचित खाली, चमच्या चमच्याने.

काळा_कोट:
दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ९२. ज्याच्या ताब्यात दिव्यांग आहे त्याने जाणूनबुजून खाणंपिणं तोडणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं आणि वर दंड. खुर्ची माळ्यावर टाकणं पण त्याच कलमात बसवता येईल, साधनाच्या वापरात अडथळा म्हणून. पण एकदम एफआयआर करण्याआधी कलम ७ बघा. कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे तालुक्याला तहसीलदार किंवा प्रांतांकडे लेखी माहिती द्यायची. ती कोणीही देऊ शकतं, आतेबहीण पण. फुकट वकील हवा तर विधी सेवा प्राधिकरण, १५१००, दिव्यांगाला उत्पन्नाची अट नाही. कायदेशीर पालक कोण आहे त्याचा?

चिंचेचा_पार:
पालक म्हणजे? भाऊच ना.

काळा_कोट:
नाही ना. १८ पूर्ण झाले की भाऊ सोडा, आई पण आपोआप कायदेशीर पालक राहत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली कलेक्टरांची स्थानिक समिती पालक नेमते, आणि हयगय दिसली तर काढते पण. कागद नसेल तर पैसे कुठल्या हक्काने काढतो, हा प्रश्न तहसीलदारच विचारतील.

सायलीची_आई:
सगळे कलमं फेकताय म्हणून लिहिते. माझी मुलगी २२ वर्षांची, मी एकटी उचलते, रात्री तीनदा उठते, माझी कंबर गेलीये. पाणी तोडणं चूकच, लघवी दाट होऊन इन्फेक्शन होतं ते वेगळंच. पण त्या वहिनीला कोणी विचारलं का की दिराचं सगळं अंगावरचं ती एकटी कसं करते? मेडिकलमध्ये कंडोम कॅथेटर (पुरुषांना बाहेरून लावायची लघवीची नळी) आणि पिशवी मिळते, रात्रीपुरती लावा, अंथरूण कोरडं राहतं. अर्धं भांडण तिथेच मिटेल.

पक्या_डोंबिवली:
मिटत नसतं काही. ज्यांना माणूस नकोय त्यांच्याकडे ठेवायचाच कशाला. सरळ निवासी संस्थेत टाका, माझ्या मावशीला ठेवलंय, झकास आहे.

नदीकाठ:
"टाका" म्हणे. गोणी आहे का? संस्थेत बंद दाराआड काय चालतं ते बघायला आतेबहीण पण नसते.

पक्या_डोंबिवली:
सगळ्या संस्था तशा नसतात, उगाच बदनामी नको.

नदीकाठ:
सगळी घरं पण तशी नसतात. असो. ताई, इतकं लिहिलं आपण, बाळूला काय हवंय ते विचारलं का कोणी?

काळा_कोट:
हे महत्त्वाचं आहे. कलम ७ मध्ये संरक्षणाखाली ठेवायचं असेल तर त्या व्यक्तीची तशी इच्छा लागते.

चिंचेचा_पार:
नव्हतं विचारलं. खरं सांगते, डोक्यातच आलं नाही. आज शेजारच्या काकूंनी त्यांच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून दिला. वर बघितलं की हो, डोळे मिटले की नाही, हे मामीने लावलेलं वळण. पुण्याला येतोस? डोळे मिटले. संस्थेत? मिटले आणि रडायलाच लागला. घरीच? वर. खुर्ची पाहिजे? वर बघितलं ते बघतच राहिला, काकू म्हणाल्या माळ्याकडेच बघतोय तो. वहिनी दारात उभी होती, काही बोलली नाही. सायलीच्या आई, तुमचं ते पिशवीचं तिला सांगितलं, "किती रुपये" एवढंच विचारलं तिने. दादा मात्र फोनवर पण येत नाही. सोमवारी पाटणला तहसीलमध्ये जातेय. अर्जात सुटका लिहू का?

काळा_कोट:
सुटका नको, तो जातोय कुठे. तीन गोष्टी मागा: पाणी बंद करायचं नाही, खुर्ची खाली काढायची, पैसे बाळूवरच खर्च होतात का याची चौकशी. डोळ्यांच्या हो-नाहीचं पण लिहा, म्हणजे जबाब घ्यायला येणारा माणूस भावालाच विचारून परत जाणार नाही. आणि पोच घ्या, शिक्का मारून.

भाऊसाहेब_निवृत्त:
अर्जाला कार्डाची झेरॉक्स जोडावी. म्हणूनच म्हणालो होतो.