विषय: अपाची उठेना, आणि रविवारी उद्घाटन

प्रेषक: खानापूरकर

मंडळी, नमस्कार.

सुट्टीवर गावी आलोय, नंदगडच्या अलीकडे. आपल्या वर्गणीतून वाचनालयाला कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं होतं, तो बेळगावात सेकंडहँड मिळाला. देवळाच्या माडीवर बसवला. इंटरनेटचा इथे भरवसा नाही, म्हणून पुस्तकांच्या नोंदी त्याच मशीनवर ठेवायच्या, झॅम्प (आपल्याच मशीनवर वेबसाइट चालवायला लागणाऱ्या प्रोग्रामांचा संच) टाकायचं आणि वाय-फायच्या डबीवरून गावातल्या कुणालाही फोनवर पुस्तक शोधता यावं, एवढाच बेत. पुतण्याने पीएचपीत छोटंसं पान करून दिलंय. माझ्या लॅपटॉपवर ते झकास चालतं.

इथे झॅम्पमधला अपाची, म्हणजे पान फोनपर्यंत पोचवणारा वेब सर्व्हर, तोच उठेना. स्टार्ट दाबलं की नाव पिवळं होतं, क्षणभर हिरवं, आणि परत पहिल्यासारखं. खाली तांबड्या अक्षरांत: अपाची अचानक बंद पडला, पोर्ट अडला असेल, एखादी फाइल नसेल, परवानगी नसेल, क्रॅश असेल, नाहीतर दुसऱ्या कुठल्या मार्गाने बंद केला असेल. डॉक्टरने नाडी न बघताच पाच रोग सांगावेत तसं झालंय. दोनदा सगळं काढून परत टाकलं. तेच. मग दिसलं की त्याच्या वर आणखी एक ओळ येते, पोर्ट ८० (वेबची ये-जा होते ते दार) वापरात आहे, पीआयडी ४ (ते धरून बसलेल्या प्रोग्रामचा नंबर). म्हणून कॉन्फिगच्या फाइलीत ८० चं ८०८० केलं. तरी तेच.

रविवारी उद्घाटन आहे. पंचायतीचे अध्यक्ष येणार. फ्लेक्ससुद्धा छापून झालाय, वर कानडी, खाली मराठी. काय तर सांगा की.

प्रेषक: लोंढेकर

दादा, स्काइप आहे का त्यावर? जुनं स्काइप ८० आणि ४४३ दोन्ही धरून बसायचं. कॉलेजात आम्ही तेच बंद करायचो, लगेच चालू व्हायचं.

प्रेषक: निपाणीकर काका

अरे, आधी ते काढून-टाकणं थांबव. फ्यूज गेला म्हणून कुणी घर पाडत नाही.

> खाली तांबड्या अक्षरांत

ती तांबडी अक्षरं झॅम्पच्या पॅनेलची, अपाचीची नव्हेत. पॅनेल निरोप्या आहे. पोरगं मेलं एवढं सांगतं, कशाने ते त्याला ठाऊक नाही. लोंढेकराचं म्हणणं एके काळी खरं होतं, पण पीआयडी ४ म्हणजे स्काइप नव्हे. त्याकडे नंतर येऊ.

आता तू लॉग्ज दाबून एरर लॉग उघडशील आणि तो बहुधा रिकामा असेल. घाबरू नकोस. कॉन्फिगमध्ये चूक असली किंवा पोर्ट मिळाला नाही, तर अपाची लॉग लिहायला बसण्याआधीच मान टाकतो. जे बोलायचं ते काळ्या खिडकीत बोलतो, आणि पॅनेलवरून सुरू केलं तर ती खिडकी आपल्याला दिसतच नाही. चार-चार दिवस लोक रिकामा लॉग बघत बसतात ते यामुळे. मीही बसलोय.

तेव्हा त्याला त्याच्या तोंडाने बोलू दे. कमांड प्रॉम्प्ट उघड, राइट क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून. सी ड्राइव्हवर झॅम्प, त्यात अपाची, त्यात बिन, तिथे जा. मग टाइप कर: एचटीटीपीडी, जागा, वजा चिन्ह आणि टी. (आपल्या या मेल-यादीवर सगळं देवनागरीतच लिहायचं हा नियम मीच करून ठेवलाय, आता मीच भोगतो. तू हे अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप कर.) या आज्ञेने अपाची सुरू होत नाही, फक्त कॉन्फिगची फाइल वाचून दाखवतो. ‘सिंटॅक्स ओके’ आलं तर ठीक. नाही आलं तर ओळीचा नंबर देईल. जे येईल ते जसंच्या तसं कळव, स्वतःचा अर्थ लावून नको.

प्रेषक: खानापूरकर

काका, लॉग खरंच रिकामा निघाला. काळ्या खिडकीत मात्र बोलला. जसंच्या तसं: साठाव्या ओळीत सिंटॅक्सची चूक, ‘पोर्ट सांगायलाच हवा’.

आता याला काय म्हणायचं? साठाव्या ओळीवर मीच लिहिलंय की! लिसन, मग जागा, मग ८०८०. चष्मा लावून तीनदा वाचलं. स्पेलिंग बरोबर आहे, जागा एकच आहे. पोर्ट सांगितलाय, आणि हा म्हणतो सांगा. आमच्या आज्जीला ऐकू यायचं बंद झाल्यावर असंच चालायचं.

पुतण्या बेंगळुरूला, फोन उचलत नाही. बाहेर पाऊस असा आहे की माडीवर बोललेलं खाली ऐकू जात नाही.

प्रेषक: शहापूरच्या वहिनी

भावोजी, मला यातलं काही कळत नाही. पण रविवारच्या शाळेत पोरांच्या वह्या तपासते, तेव्हा एक विचारते. तो ८०८० तुम्ही कुठल्या आकड्यांत लिहिलाय? तुमचा कळफलक कायम मराठीवर असतो. मागच्या गणपतीच्या हिशेबाची एक्सेलची फाइल आठवते ना? बेरीजच होईना, कारण अर्धे आकडे मराठी होते.

प्रेषक: खानापूरकर

वहिनी, साष्टांग नमस्कार.

मराठीच होते! वाचनालयाच्या यादीचं काम करताना कळफलक मराठीवर राहिला. ‘लिसन’ इंग्रजीत लिहायला म्हणून बदलला, मग ओळ खोडून परत लिहिताना आकडे मराठीत पडले. माझ्या डोळ्याला ८०८० म्हणजे ८०८०, कुठल्याही लिपीत. लहानपणापासून एसटीच्या पाटीवर मराठी, आपल्या बसच्या पाटीवर कानडी आणि पैशांवर इंग्रजी आकडे वाचत आलोय, मेंदूला फरक जाणवतच नाही.

प्रेषक: निपाणीकर काका

शाब्बास, वहिनी. मी याचा विचारही केला नसता.

का झालं ते सांगतो. लिसनच्या पुढे जे लिहिलंय त्याच्या शेवटाकडून अपाची अंक शोधत येतो. त्याचे अंक म्हणजे इंग्रजी ० ते ९, बस्स. तुझा ८०८० त्याला अंक वाटलाच नाही. त्याने ते कुठल्यातरी यंत्राचं नाव समजून घेतलं आणि विचारलं, नाव कळलं, पण पोर्ट कुठाय? त्याच्या बाजूने प्रश्न अगदी रास्त होता. कानडी अंक लिहिले असतेस तरी हेच. सीमाप्रश्नात तो कुणाचीच बाजू घेत नाही.

प्रेषक: खानापूरकर

इंग्रजी आकडे घातले. ‘सिंटॅक्स ओके’. स्टार्ट दाबलं, हिरवं झालं आणि हिरवंच राहिलं. पान उघडलं! माडीवर मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

पण काका, एक घोळ आहे. पत्त्यापुढे विसर्ग देऊन ८०८० लिहिलं तरच उघडतं. फ्लेक्सवर पत्ता छापलाय तो नुसता, ८०८० शिवाय. परत छापायचा तर या पावसात बेळगावला जायला हवं, आणि पैसे कुणाचे? म्हणजे मला ८० च पाहिजे. पॅनेल अजूनही ओरडतंय की ८० अडलाय.

प्रेषक: निपाणीकर काका

पॅनेल ओरडतंय कारण त्याची स्वतःची वेगळी नोंद असते, कॉन्फिगच्या बटणामागे सर्व्हिस आणि पोर्टच्या सेटिंग्जमध्ये. तिथे ८० आहे तोवर ते ८० च तपासणार, अपाची कुठेही बसो. पण तुला ८० च हवा म्हणतोस तर तिथे हात लावू नकोस.

आता पीआयडी ४. हा विंडोजचा खुद्द सिस्टिम. टास्क मॅनेजरमधून त्याला मारायला जाऊ नकोस. त्याच्या पोटात एचटीटीपी डॉट सिस नावाचा ड्रायव्हर असतो. एखाद्या प्रोग्रामने मागणी नोंदवली की ८० वर येणारं सगळं टपाल हा आधी आपल्याकडे घेतो आणि मग मागणाऱ्याला वाटतो. दारात पोस्टमन उभा दिसतो, पण पत्र मागवलंय घरातल्या भलत्याच कुणीतरी. तो ‘भलताच’ शोधायचा.

म्हणून विचारतो, हा कॉम्प्युटर आधी कुठे होता?

प्रेषक: खानापूरकर

दुकानदार म्हणाला, ‘फॉरमॅट मारून दिलंय साहेब, कोरं करकरीत.’ डेस्कटॉपवर कुठल्याशा ऑफिसची हजेरीची फाइल अजून तशीच आहे. चार जण रजेवर दिसतात.

प्रेषक: निपाणीकर काका

मग झालं. ऑफिसचा म्हणजे मायक्रोसॉफ्टचाच वेब सर्व्हर, आयआयएस, आत चालू असण्याची शक्यता फार. विंडोजच्या सर्व्हिसेसची यादी उघड. ‘वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस’ शोध. अक्षरक्रमाने लावलीस की अगदी तळाशी. चालू असेल तर स्टॉप कर, आणि स्टार्टअप टाइप ‘डिसेबल्ड’ कर, नाहीतर लाईट जाऊन आली की परत उठेल. ती नसेल तर एसक्यूएल सर्व्हरची रिपोर्टिंग सर्व्हिस आहे का बघ, तीही याच पोस्टमनकडून टपाल घेते.

मग कॉन्फिगमध्ये परत ८० कर. कळफलक बघून.

अजून एक: फोनवरून उघडलं नाही तर अपाचीला दोष देऊ नकोस. पहिल्यांदा विंडोजची फायरवॉल परवानगी विचारते, तेव्हा घाईत ‘कॅन्सल’ दाबलेलं असतं.

प्रेषक: खानापूरकर

तळाशीच होती, चालू. बंद केली. ८० वर अपाची पहिल्या दाबात उठला. फायरवॉलचंही तुम्ही म्हणालात तसंच. आता देवळाच्या पायरीवर बसून फोनवर यादी दिसते. पुजाऱ्यांनी पहिलं पुस्तक शोधलं.

नोंदी करताना एक गंमत. जुन्या पुस्तकांवर शिक्का आहे ‘जिल्हा बेळगाव, मुंबई राज्य’. म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीची खरेदी. पुतण्याच्या फॉर्मवर राज्य निवडायला दोनच पर्याय, कर्नाटक आणि महाराष्ट्र. मी तो रकानाच काढायला लावला. शिक्क्यावर आहे तसं लिहायचं, झालं.

प्रेषक: खानापूरकर

शनिवार, रात्र. लाईट गेली, आली, परत गेली. आता अपाची हिरवा, पण पुस्तकांच्या नोंदी सांभाळणारं मायएसक्यूएल उठेना. तशीच तांबडी अक्षरं.

प्रेषक: लोंढेकर

दादा, सोपं आहे, डेटा फोल्डरमधली आयबीडेटा१ डिलीट करा, नवीन बनते आपोआप.

प्रेषक: निपाणीकर काका

हात लावू नकोस! लोंढेकरा, आयबीडेटा१ म्हणजे चोपडीची शिवण आहे. नवी बनते हे खरं, पण कोरी बनते, आणि बाकीची पानं हातात सुटी राहतात. तीन दिवस बसून केलेल्या नोंदी जातील.

आधी सगळं बंद करून पूर्ण डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी कर. मग लॉग उघड. या वेळी रिकामा नसेल; मायएसक्यूएल म्हणजे झॅम्पमध्ये आता मारियाडीबी असते, आणि ती लॉगमध्ये भरपूर बोलते. शेवटच्या वीस ओळी वाच, काय म्हणते ते सांग.

प्रेषक: खानापूरकर

‘एरिया रिकव्हरी फेल्ड. एरियाच्या सगळ्या टेबलांवर एरिया-चेक चालवा आणि एरिया-लॉगच्या फाइली काढून टाका.’

प्रेषक: निपाणीकर काका

एरिया म्हणजे मारियाडीबीचाच टेबलं सांभाळणारा एक भाग. बघ, कुठली फाइल काढायची ते तिनेच सांगितलं, आणि ती आयबीडेटा नव्हे. एरिया-चेक हा प्रोग्राम मायएसक्यूएलच्या बिनमध्येच असतो. डेटातल्या मायएसक्यूएल फोल्डरमध्ये एमएआय शेवट असलेल्या फाइली आहेत, त्यांच्यावर वजा-आर लावून चालव. मग एरिया-लॉगच्या फाइली डिलीट न करता डेटाच्या बाहेर हलव. सुरू कर.

आणि उद्या अध्यक्षांच्या भाषणात वाचनालयासाठी यूपीएस मागून घे. हार घालायच्या आधी माग, नंतर कुणी ऐकत नाही.

प्रेषक: खानापूरकर

झालं काका, रात्री दीडला उठलं. नोंदी सगळ्या जागेवर. झोपतो आता.

प्रेषक: शहापूरच्या वहिनी

अभिनंदन, भावोजी! येताना कुंदा विसरू नका, दोन डबे. आणि उद्या सकाळी उठल्या-उठल्या एकदा फ्लेक्स बघा हो. त्यावर पत्त्याचे आकडे कुठल्या लिपीत आहेत?

प्रेषक: खानापूरकर

वहिनी, तुमचा मेल वाचला आणि टॉर्च घेऊन आत्ताच बघून आलो. कानडी ओळीत कानडी, मराठी ओळीत मराठी. पुतण्या पहाटेच्या गाडीने उतरलाय, तो स्टुलावर चढून काळ्या मार्करने दोन्हींच्या मध्ये इंग्रजी आकडे लिहितोय. मी खालून स्टूल धरून एका हाताने हा मेल टाइप करतोय.