चित्रकथीच्या प्रदर्शनात आवाज: हेडफोन की स्पीकर?

हुडूकप्रेमी:
कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी म्हणजे वीणा, टाळ, हुडूक (डमरूसारखं वाद्य) यांच्या साथीने कथा गात पोथीतलं, म्हणजे त्या कथेच्या चित्रांच्या संचातलं, एकेक चित्र समोर धरणं. दालनात मात्र चित्रं फ्रेममध्ये अडकतात आणि कोपऱ्यातल्या स्पीकरवर गाणं अखंड चालू. बघणारा तिसऱ्या चित्रापाशी, कथा अकराव्यावर! दर दोन-तीन चित्रांना एक हेडफोन द्या. त्यात त्या प्रसंगापुरता दीड मिनिटाचा तुकडा, आणि हेडफोन उचलला की तो पहिल्यापासून सुरू व्हावा.

तीनताल:
साफ असहमत. चित्रकथी घोळक्याने ऐकायची. चौघांत एक हेडफोन म्हणजे तिघे मुके. वर ओढाताणीत जॅकपाशी वायर तुटते, मग एकाच कानात ऐकू येतं. दोष स्पीकरचा नाही, जागेचा. लांब कोपऱ्यात टांगला की आवाज वाढवावाच लागतो. ऐकणाऱ्याच्या डोक्यावर मीटरभर, तोंड खाली करून लहान स्पीकर लावा. अंतर निम्मं झालं की थेट आवाज 6 डेसिबलने वाढतो.

हुडूकप्रेमी:
ते 6 डेसिबल मोकळ्या मैदानातले. दालनात खाली फरशी, समोरासमोर कोऱ्या भिंती. चार पावलांवर परतलेला आवाजच जास्त, आणि टाळ शब्द गिळून टाकतो. रिकाम्या दालनात एक टाळी वाजवा. मागोमाग ‘झर्रर्र’ आलं तर स्पीकरचा नाद सोडा.

तीनताल:
नाद कशाला सोडायचा, पडदे लावा की. जाड कापड, भिंतीच्या रुंदीच्या दुप्पट, चुण्या पाडून, भिंतीपासून दहा सेंटीमीटर सोडून. टाळ नरमतो. खालचा घुमारा पडद्याला जुमानत नाही, तो रेकॉर्डिंगमध्येच 100 हर्ट्झखाली कापायचा.

पाठपोट:
आवाजावरून भांडताय, पण चित्रांचं काय? पोथीत दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली असतात. भिंतीवर फ्रेम लावली की निम्मी कथा भिंतीकडे तोंड करून. गाणं सलग आणि चित्रं एकाआड एक, मग हेडफोन काय नि स्पीकर काय, मेळ बसणार कसा? दोन्हीकडून काच असलेली फ्रेम स्टँडवर, दालनाच्या मधोमध. मूळ पानांवर उजेड 50 लक्सच्या वर नको.

हुडूकप्रेमी:
हे पटलं. मग हेडफोनही स्टँडलाच, दोन्ही बाजूंना एकेक.

तीनताल:
आणि वायर फरशीवरून न्यायची? लोक अडखळणार ते थेट काचेवर.