शब्दचर्चा : ‘गतिकारक’, ‘क्षमता’ आणि ‘दम’

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : माझ्या वडिलांना तीन तारांचा पेसमेकर सुचवला आहे. मिळालेल्या माहितीपत्रकात ‘हृदय बंद पडणे या आजारात गतिकारक उपचाराने शारीरिक क्षमता वाढते’ असे वाक्य आहे. ते वाचून वडिलांनी विचारले, “बंद पडलेले हृदय घेऊन मी तलावपाळीपर्यंत जातो कसा? आणि ठोके आधीच भरभर पडत असताना गती आणखी कशाला हवी?” अधिक नेमके शब्द कोणते?

उत्तर (ठाणे पूर्व) : आपल्या वडिलांची हरकत रास्त आहे. ‘हार्ट फेल्युअर’मध्ये हृदय थांबलेले नसते; शरीराला पुरेल इतके रक्त पुढे ढकलणे त्याला जमत नाही. ‘निकामी होणे’ हा वृत्तपत्रांतला शब्दही मला टोकाचा वाटतो. धान्य कमी पडते, मनुष्यबळ कमी पडते, तसे ‘हृदय कमी पडणे’ म्हणावे.

‘गतिकारक’ हा शब्द ठोके मंदावलेल्या रुग्णाच्या साध्या पेसमेकरला शोभतो. इथे दुखणे निराळे आहे. हृदयाच्या डाव्या बाजूकडे विद्युतसंदेश नेणारी वाट अडली, की खालच्या दोन कप्प्यांपैकी डावा कप्पा उशिरा आकुंचन पावतो आणि त्याच्या भिंतीही एकाच वेळी आत येत नाहीत, त्यामुळे बरीचशी ताकद वाया जाते. तिसरी तार शिरेवाटे डाव्या कप्प्यापर्यंत नेऊन दोन्हीकडे जवळजवळ एकाच क्षणी ठोका दिला जातो. ग्रंथात ‘समकालन’ चालेल. घरात मात्र ‘मेळ साधणारा पेसमेकर’ म्हणावे, कारण बिघडलेला असतो तो मेळच.

उत्तर (वाशी) : मी फिजिओथेरपिस्ट असल्याने ‘क्षमता’ या शब्दाविषयी लिहिते. ‘माझी शारीरिक क्षमता घटली’ असे एकाही रुग्णाने मला सांगितलेले नाही. सगळे म्हणतात, ‘दम पुरत नाही’, ‘स्टेशनचा पूल चढताना दम लागतो’. एकच ‘दम’ धापही सांगतो आणि टिकाव धरण्याचे बळही, आणि या आजारात या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. मोजणीही त्याच भाषेतली आहे : रुग्णाने सपाट वाटेवर, स्वतःला झेपेल अशा चालीने, लागेल तिथे थांबत, 6 मिनिटांत किती अंतर कापले ते पाहायचे. अशा पेसमेकरच्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिरॅकल’ चाचणीत 453 रुग्ण होते. सहा महिन्यांनी हे अंतर उपचार चालू असलेल्या गटात मध्यांकाने (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याने) 39 मीटरने वाढले, तर यंत्र बसवूनही हा उपचार बंद ठेवलेल्या गटात 10 मीटरने. आकडा लहान दिसतो, पण अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंत जाताना वाटेत बसावे लागणाऱ्या माणसाला तो फार मोठा असतो. तक्त्यात ‘चालण्याची क्षमता’ लिहावे, रुग्णाशी बोलताना ‘दम’च म्हणावे.

प्रश्नकर्ता : आपणां दोघांचे मनापासून आभार. मी वाक्य असे केले : ‘हृदय कमी पडत असेल, तर मेळ साधणाऱ्या पेसमेकरने चालण्याचा दम वाढतो.’ हा उपचार सर्वांनाच लागू पडत नाही, असे डॉक्टरांनी सांगितलेले वडिलांच्या लक्षात होते. त्यांनी ‘वाढतो’ खोडून ‘वाढू शकतो’ लिहिले आहे.